नापास वीट

त्याने मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी भिंत चाटत होते.

हसू नका. वीटभट्टीवर वाढलेल्या कुणालाही विचारा, वीट किती भाजली आहे ते जिभेला लगेच कळतं. कमी भाजलेली वीट जिभेला चिकटून बसते, नीट भाजलेली पटकन सोडून देते. आणि ही भिंत साधीसुधी नव्हती. नदीकाठच्या जुन्या पंपघराची होती. एके काळी अख्ख्या शहराचं पाणी इथून चढायचं. मग यंत्रं गेली, गोदाम आलं, कुणा शहाण्याने सगळ्या भिंतींवर जाड गिलावा थापून वर पिवळा रंग फासला. लहानपणापासून मी ती इमारत बघत आले ती तशीच, कावीळ झाल्यासारखी. त्या दिवशी एका बांधकामावर विटा पोचवून टेम्पो घेऊन परत येत होते, तर पंपघराला परांच्या लागलेल्या आणि अर्धा गिलावा खाली पडलेला. आतल्या विटा उघड्या पडल्या होत्या. माझ्याच्याने राहवेना. टेम्पो कडेला लावला आणि सरळ आत शिरले.

“चव कशी आहे?”

आवाज वरून आला. परांचीवर एक माणूस गुडघ्यांवर हात ठेवून वाकून बघत होता. चष्म्यावर चुन्याचे शिंतोडे, कानाला पेन्सिल. माझी जीभ अजून अर्धी बाहेरच होती. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण मी काही लाजून गप्प बसणाऱ्यांतली नाही.

“मीठ कमी आहे,” मी म्हणाले. “भिंतीला तेच बरं असतं.”

तो हसला… आणि मग शिडीवरून इतक्या घाईने उतरला की शेवटची पायरी चुकली. मातीतल्या मिठाने विटांना लोणा लागला की त्या भुसभुशीत होतात, हे त्याला अर्थातच माहीत होतं. पंपघराची डागडुजी त्याच्याकडे होती. इथे लोकांना बसून वाचायला जागा करायची होती. नकाशे त्याचे, देखरेख त्याची, डोकेदुखीही त्याचीच. मी त्याला मनातल्या मनात नकाशावाला म्हणून टाकलं ते कायमचं. आणि त्याची सगळ्यात मोठी डोकेदुखी म्हणजे विटा. खिडक्यांच्या कमानींखालच्या, पावसाचा मारा बसलेल्या बऱ्याच विटा बदलायला हव्या होत्या आणि तशी वीट कुठेच मिळेना. आजकालच्या विटा यंत्रातून निघतात, सगळ्या एका तोंडवळ्याच्या. या जुन्या विटा पातळ होत्या, हाताने थापलेल्या, आणि रंगाचं तर विचारूच नका. लोकांना वाटतं विटकरी हा एक रंग आहे. त्या भिंतीसमोर उभं राहा म्हणजे कळेल. आगीच्या तोंडाशी बसलेली वीट जांभळट, मधली लाल, कडेची केशरी, आणि सगळ्या मिळून संध्याकाळी अशा दिसतात की बघणाऱ्याने घरी जायचं विसरावं.

“माझे बाबा करून देतील,” मी म्हणाले. इतक्या ठामपणे म्हणाले की त्याने मला बाबांचं नावही विचारलं नाही. फक्त नमुना आणा म्हणाला. आणि मला रंग नीट दिसावा म्हणून त्याने तिथल्या गवंडीकाकांना सांगून सगळी भिंत पाण्याने धुवून घेतली. माझ्यासाठी कुणी आजवर भिंत धुतली नव्हती. मी काय ते समजले… म्हणजे तेव्हा काहीच समजले नाही.

घरी मात्र या नमुन्याचा अर्थ वेगळा होता, आणि तो मी त्याला सांगितला नाही. आमची भट्टी तशी अखेरच्या घटका मोजत होती. शेजारच्या जागेत सिमेंटचे ठोकळे करणारा एक जण केव्हापासून आमच्या आवारावर डोळा ठेवून होता. बाबांनी त्याला थोपवून धरलं होतं. पंपघराचं त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं. मग आईला म्हणाले, ती भिंत ज्यांनी भाजली ते खरे कारागीर; तो रंग माझ्या हातून आला तर भट्टी चालू ठेवायची, नाही आला तर आवार देऊन मोकळं व्हायचं. बाबा बोलतात कमी, पण बोलले की दगडावरची रेघ. आई माझ्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत स्पष्ट लिहिलेलं होतं, की बाई, आता तूच काय ते निस्तर.

मी बाबांना रंग सांगितला. काळपट लाल, जरा जांभळ्याकडे झुकणारा. बाबांनी घरामागच्या नमुन्याच्या लहान भट्टीत तसाच आणला. ते मोजमापाचं यंत्र वापरत नाहीत. भट्टीच्या भिंतीत एक भोक आहे, त्यातून आगीचा रंग बघतात आणि कधी थांबायचं ते ठरवतात. वीट बाहेर निघाली तेव्हा अगदी मी सांगितली तशी होती. मी ती फडक्यात गुंडाळून पंपघरी नेली, भिंतीला लावली, आणि आमची दोघांची तोंडं पडली. भिंत कुठली तरी फिक्कट लाल, आणि आमची वीट वांग्यासारखी.

मग आम्हा दोघांना एकदमच उमगलं. मी रंग बघितला तो ओल्या भिंतीचा. वीट ओली झाली की दोन छटा गडद दिसते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी जन्मापासून विटांत, तो शिक्षणापासून विटांत, आणि दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. त्याने भिंत धुतली माझ्यावर छाप पाडायला आणि मी रंग सांगितला त्याच्यावर छाप पाडायला. तो आधी हसला, मग मी हसले. गवंडीकाका कमानीखाली चुना कालवत होते, ते आमच्याकडे बघून मान हलवत राहिले.

आलेच आहे तर इमारत बघून जा, असं तो म्हणाला. बघितली. आणि काय सांगू… मी आयुष्यभर विटा केल्या, पण त्यांचं पुढे काय होतं ते कधी धड बघितलंच नव्हतं. त्याने मला दाखवलं की भिंतीत एक वीट लांब दिसते, शेजारची आखूड. ती आखूड दिसणारी वीट मुळात आखूड नसतेच, ती आडवी आत शिरलेली असते, भिंतीच्या पुढच्या आणि मागच्या अंगाला एकमेकांशी बांधून ठेवते. कमानीतली प्रत्येक वीट घासून एका बाजूला निमुळती केलेली होती, इतकी नेमकी की सांध्यात नखही जाईना. नुसतं पाणी चढवायच्या घराला एवढं कशाला नटवायचं, असं मी विचारलं. शहरात पहिल्यांदा स्वच्छ पाणी येणार होतं, तो म्हणाला, लोकांना त्याचा अभिमान होता, आणि अभिमान दाखवायला त्यांच्याकडे मातीच तेवढी होती.

मग त्याला जोरच चढला. जिथे दगड लांब, त्या प्रत्येक मुलखात माणसाने नदीचा गाळ उचलला, आधी उन्हात वाळवला, मग आगीत घातला. हजारो वर्षं झाली. राज्यं आली, गेली, घरांचे आकार बदलले, पण वीट साधारण तेवढीच राहिली. ती का, ते सांगायला तो थांबला. गोष्टीतलं गुपित सांगायच्या आधी थांबतात तसा.

“एका हातात मावते म्हणून,” मी म्हणाले.

त्याचा चेहरा असा पडला की मला दयाच आली. पुढचं वाक्य मी त्याला बोलू दिलं.

मागच्या भिंतीत, फारसं कुणी जात नाही अशा कोपऱ्यात, त्याने मला एक वीट दाखवली. ओली असताना कुणीतरी उचललेली, तिच्यावर चार बोटांचे ठसे उमटलेले होते. त्याने आपली बोटं त्या खळग्यांवर ठेवली. मावेनात. मग माझ्याकडे बघितलं. मी बोटं ठेवली तर बरोबर बसली, जणू माझ्याच मापाने केली होती. कुणी बाई असणार, मी म्हणाले. तो माझ्या हाताकडे बघत राहिला, आणि मी हात काढून घ्यायला हवा होता तेव्हा काढला नाही.

परतीच्या वाटेवर टेम्पो दुसऱ्या गिअरमध्येच चालवत होते हे घराजवळ आल्यावर लक्षात आलं.

दुसरी वीट बाबांनी मी आणलेल्या, भिंतीच्या सुक्या कपच्या समोर ठेवून केली. जीव ओतला त्यांनी तिच्यात. माती दोनदा मळली, वाळवताना सावलीत फिरवत राहिले, भाजताना भोकापासून हलले नाहीत. बाहेर काढली तेव्हा मी एक कपची तिच्यावर ठेवली आणि क्षणभर ती कुठे गेली ते कळेना. बाबांनी त्या दिवशी जेवताना आईची दोनदा थट्टा केली. म्हणजे स्वारी खूश होती.

नकाशावाल्याने ती वीट ठेवून घेतली. खिडकीखाली एक खाच मुद्दाम रिकामी ठेवली होती, तिच्यात बसवून, चुना सुकू देऊन मग सांगतो म्हणाला. बरोबरच होतं. मग आठवड्याने त्याचा फोन आला. आवाज जरा अडखळत होता.

“नाही जमली… थोडी उजळ वाटते. अजून एक नमुना करता येईल? आणि… तुम्हीच घेऊन या. रंगाचं असं फोनवर सांगता येत नाही.”

आता खरं सांगू? फोन ठेवला तेव्हा पहिल्यांदा मला आनंद झाला. अजून एकदा जायला मिळणार. कोणता कुडता घालायचा इथपर्यंत माझी मजल गेली. आणि मग वळले तर दारात बाबा उभे. त्यांनी विचारलं नाही, मीच सांगितलं. त्यांनी नुसती मान डोलावली आणि बाहेर जाऊन रिकाम्या भट्टीच्या कडेला बसले. आईने चहा नेऊन दिला, तो तसाच निवला. माझ्या कुडत्याचा विचार करणाऱ्या डोक्याची मला इतकी लाज वाटली की विचारू नका.

तिसऱ्या विटेला बाबांनी हातच लावला नाही. डोळे गेले माझे, म्हणाले. जो रंग मला तंतोतंत दिसतो तो जर तिथे उजळ ठरतो, तर आता मला आगीतलं काही कळत नाही, मी कुणाच्या विटा भाजायला नकोत. आई चिडली, समजावून बघितलं, शेवटी रडली. ते शांतपणे उठले आणि ठोकळेवाल्याला निरोप धाडला, रविवारी संध्याकाळी या, शब्द देतो. मी आणि आईने मिळून तिसरी वीट भाजली. भोकातून मी बघत होते, बाबा पाठ करून बसले होते. एकदा विचारलं, बाबा, आता थांबू का? म्हणाले, मला कशाला विचारतेस. त्यांच्या तोंडून असं मी कधी ऐकलं नव्हतं.

रविवारी सकाळी रिमझिम होती. मी वीट घेऊन पंपघरी गेले. आज काहीही करून पास करून घ्यायचीच होती, पाया पडावं लागलं तरी. नकाशावाला वर कुठेतरी कमानीशी होता. मी म्हटलं, तो येईपर्यंत वीट खाचेत लावून बघावी. खिडकीखाली गेले तर खाच नाही. शेजारच्या खिडकीखाली बघितलं, तिथेही नाही. सगळ्या भिंतीला हात लावत फिरले. एकही रिकामी जागा नव्हती.

गवंडीकाकांना विचारलं. ते म्हणाले, अगं ती? ती तर तुझ्या मागच्या विटेने केव्हाच भरली. अशी बसली की दुसऱ्या दिवशी आम्हालाच सापडेना. साहेब तर सारखे येऊन हात फिरवून जातात तिच्यावरून.

मला आधी काही कळलंच नाही. मग कळलं. आणि जे कळलं त्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शिडी मी कशी चढले मला आठवत नाही. तो मला बघून इतका खुलला की क्षणभर माझा राग डगमगला. पण क्षणभरच.

“दुसरी वीट जमली होती,” मी म्हणाले.

त्याचा हसरा चेहरा जागच्या जागी विझला. हो म्हणाला. मग मी बोलायला लागले आणि थांबलेच नाही. बाबांचे डोळे, आवार, ठोकळेवाला, आज संध्याकाळचा शब्द, निवलेला चहा, सगळं. बोलताना माझा आवाज फाटला आणि त्याचा मला आणखी राग आला. तो ऐकत होता. चेहरा पांढराफटक पडला होता. मला हे काहीच माहीत नव्हतं, एवढंच एकदा म्हणाला, आणि ते खरं होतं. मीच सांगितलं नव्हतं. मोठी ऐट होती ना माझी, बाबा करून देतील म्हणे. मी त्याला कारण विचारलं नाही. कारण ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हते, आणि कदाचित… ते मला माहीतही होतं.

“चला बाबांकडे,” मी म्हणाले. “आत्ताच्या आत्ता.”

टेम्पोत तो शेजारी बसला, गुडघे पोटाशी घेऊन, मांडीवर तिसरी वीट. रस्ताभर मी एक अक्षर बोलले नाही. गिअर मात्र सगळे जोरात टाकले.

बाबा विटा वाळवायच्या छपराखाली बसले होते. नकाशावाल्याने उभ्याउभ्याच सांगितलं, की वीट तंतोतंत होती, चूक माझी, तुमची नाही. बाबांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि चक्क हसले, थकल्यासारखे.

“पोरीने शिकवून आणलंय तुम्हाला,” ते म्हणाले. “चांगली आहे ती. पण मला लहान मूल समजू नका.”

हे आमच्या कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. तो गयावया करायला लागला, मी शपथा घ्यायला लागले, आणि जितकं बोलावं तितकं ते जास्तच खोटं वाटायला लागलं. शेवटी आई आतून पदर खोचून आली. तिने बाबांच्या चपला आणून त्यांच्यासमोर ठेवल्या. एवढं बोलण्यापेक्षा जाऊन बघून या, ती म्हणाली, आणि मीही येणार आहे. टेम्पोत पुढे आम्ही तिघं बसलो. नकाशावाला मागे, उरलेल्या विटांच्या ढिगावर, रिमझिमीत भिजत. आईने एकदा मागे वळून बघितलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, पोरगा दिसायला बरा आहे गं. मी म्हटलं, आई, समोर बघ.

पंपघराच्या भिंतीसमोर बाबा कितीतरी वेळ नुसते उभे राहिले. इतकी वर्षं ती गिलाव्याखाली होती, त्यांनीही ती अशी कधी बघितली नव्हती. पाऊस थांबला होता, खिडक्यांवरच्या छज्ज्यांमुळे खालचा भाग कोरडाच होता. नकाशावाल्याने फक्त एवढंच सांगितलं, की तुमची वीट या खिडकीखाली आहे. कुठली, ते सांगितलं नाही.

बाबा वाकले. चष्मा वर केला, खाली केला. एकेका विटेवरून अंगठा फिरवला. एका विटेपाशी थांबले, मान हलवली, पुढे गेले. मग परत मागे आले. सगळा थर संपला, वरचा थर बघितला, खालचा बघितला. गवंडीकाका हातातलं काम टाकून बघायला आले. शेवटी बाबा उठून उभे राहिले. एक हात भिंतीवर तसाच होता.

“सापडत नाही,” ते म्हणाले. त्यांचा आवाज ओला झाला होता. “माझीच वीट मला सापडत नाही.”

आईने तोंड फिरवलं. मी तर रडतच होते. आणि नेमकं तेव्हाच बाबांना तो प्रश्न सुचला, जो मी शिडीवर विचारायचा टाळला होता. ते सावकाश नकाशावाल्याकडे वळले.

“मग नाही असं का म्हणालात?”

तो माझ्याकडे बघायला लागला, मी जमिनीकडे. गवंडीकाकांनी खाकरून घसा साफ केला, पण गेले नाहीत. पळून जायला वाव होता, म्हणजे चुना सुकेपर्यंत रंगाचा अंदाज आला नाही, असं काहीबाही त्याला सांगता आलं असतं. त्याने चष्मा काढला. तो पुसला. पुन्हा घातला.

“हो म्हणालो असतो तर पुढच्या सगळ्या विटा ट्रकने आल्या असत्या,” तो म्हणाला. “ही आली नसती… मला ही यायला हवी होती. फार हवी होती. तुमचं काय होईल याचा मी विचारच केला नाही. मला माफ करा.”

माझे कान इतके तापले की त्यांवर वीट भाजली असती. आई भिंतीतल्या नक्षीचा एकदम अभ्यास करायला लागली. बाबांच्या चेहऱ्यावरून मला काही कळेना. ते रागावले होते, ते तर दिसतच होतं.

“एका विटेमागे किती राबावं लागतं, ठाऊक आहे तुम्हाला?” त्यांनी विचारलं.

नाही, तो म्हणाला. खरं तर नाही.

“मग कळायला हवं. मोठी भट्टी पेटेल तेव्हा या. जळण तुम्ही टाकायचं. विझेपर्यंत.”

आणि ते टेम्पोकडे चालायला लागले. दोन पावलं गेल्यावर थांबून आईला म्हणाले, त्या ठोकळेवाल्याला सांग, संध्याकाळी येऊ नकोस. आई म्हणाली, सांगते. मग माझ्याकडे बघून तिने जे काही डोळे मोठे केले, ते मी इथे सांगत नाही.

मी त्याच्याशी बोलले नाही. विटा थापून, वाळून, भट्टी रचून होईपर्यंत बोलले नाही. तो रोज संध्याकाळी काम संपवून आवारात यायचा, बाबा सांगतील ते करायचा, माती वाहायचा, विटा उलटायच्या असतील तर उलटायचा. आईने त्याला चहा दिला की कप धुवून ठेवायचा. एकदा वाकून विटा रचताना त्याने वर बघितलं, मी खिडकीत होते. मी खिडकी लावून घेतली. मग फटीतून बघत बसले, ती गोष्ट वेगळी.

भट्टी पेटली. बाबांच्या नियमाप्रमाणे ती पेटल्यापासून थंड होईपर्यंत ते आवार सोडत नाहीत. जेवण तिथे, डुलकी तिथे. माझ्या जन्माच्या वेळीही भट्टी पेटलेली होती आणि त्यांनी मला पहिल्यांदा पाहिलं ते आईने मला भट्टीपाशी नेल्यावर, असं आई अजून ऐकवते. नकाशावाला खरोखरच जळण टाकत राहिला. लाकूड, भुसा, पुन्हा लाकूड. पहिल्या दिवशी हाताला फोड आले. दुसऱ्या दिवशी त्याने त्यांवर फडकं बांधलं. तक्रार केली असती तर माझं काम सोपं झालं असतं. त्याने केली नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी बाबांनी मला हाक मारली. भोकाशी उभं केलं आणि विचारलं, काय दिसतंय. आत विटा आणि आग वेगळी दिसतच नव्हती, सगळं एकच उजळ केशरी झालं होतं, पिवळ्याकडे झुकायच्या बेतात असलेलं. मी तसं सांगितलं. अजून किती, त्यांनी विचारलं. मी पुन्हा बघितलं. घाई केली नाही. हा रंग संध्याकाळपर्यंत असाच धरायचा, मी म्हणाले, मग जळण थांबवायचं.

बाबांनी स्वतः भोकातून एकदा बघितलं. मग कपाळ पुसलं, खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि म्हणाले, “बरोबर. मी घरी जाऊन झोपतो.”

मी बघतच राहिले. ते सावकाश चालत आवाराच्या फाटकापर्यंत गेले, फाटक उघडलं, लावलं, आणि खरंच गेले. एकदाही मागे वळून बघितलं नाही. पेटती भट्टी माझ्या हाती सोडून. नाही, आमच्या हाती सोडून. कारण त्यांनी जाता जाता त्याच्या पाठीवर थाप मारली होती, आणि तो लाकूड हातात धरून तसाच थिजला होता.

मला अचानक फार रडू आलं. तो जवळ आला, पण हात लावायचं धाडस झालं नाही. तोंड काजळीने माखलेलं, चष्म्यावर राख, हाताला फडकी. एवढा ओंगळ दिसत होता आणि मला त्याच्यावरून नजर काढवेना.

“अजून राग आहे?” त्याने विचारलं.

“आहे.”

त्याने मान खाली घातली. भट्टीच्या पोटात आग घुमत होती.

“राग आहे,” मी म्हणाले, “आणि तू मला आवडतोस. पहिल्या दिवसापासून आवडतोस. तू वीट नापास केलीस तेव्हा मला आनंद झाला होता, म्हणून तर तुझ्यापेक्षा माझाच जास्त राग आला मला… आता समजलं? का भिंत धुवून सांगू?”

त्याला समजलं होतं. तो हसायला लागला, मग हसता हसता डोळे पुसायला गेला आणि काजळी आणखीच पसरली. मी त्याचा चष्मा काढून माझ्या ओढणीने पुसला. इतक्या जवळून त्याचे डोळे मी पहिल्यांदाच बघितले. त्याने माझा हात धरला, त्याच्या फडक्यासकट, फोडांसकट, आणि आम्ही किती वेळ तसे उभे होतो ते मला सांगता येणार नाही. मग आगीचा आवाज बदलला. मला तो बदललेला ऐकू आला.

“जळण टाक,” मी म्हणाले.

“आत्ता?”

“आत्ता. बाबा झोपलेत.”